न कापलेलं रडणं

सई आणि नील,

रविवारी फोनवर तुम्ही पुन्हा तेच विचारलंत. "आजी, ती बाई आमच्यावर रागावली का?"

ती बाई म्हणजे काट्रिन, काऊआजीची मुलगी. काऊआजीला निरोप देऊन आम्ही स्मशानातून घरी आलो, सगळ्यांना चहा दिला आणि टेबलावर टॅबलेट उभा करून तुम्हाला पर्थहून बोलावून घेतलं. नीलने फोटोकडे बघून हात हलवला आणि म्हणाला, "बाय, काऊआजी." काट्रिनने विचारलं, काऊ म्हणजे काय? सईने नीट समजावून सांगितलं: काऊ म्हणजे कावळा, कारण जर्मन लोक तिला कावळी आई म्हणायचे. काट्रिनने हातातला कप खाली ठेवला आणि ती मागच्या अंगणात निघून गेली. तेवढ्यात तुमच्या आईची हॉस्पिटलला जायची वेळ झाली आणि फोन बंद झाला. तुम्हाला दिसली ती फक्त तिची पाठ.

नाही, ती तुमच्यावर रागावली नाही. एवढं उत्तर पुरलं असतं. पण आजीची सवय तुम्हाला माहीत आहे. कपाटात काही ठेवायचं तर ती आधी कप्पा पुसून घेते. (नील, तुझ्या भाषेत प्रेसमध्ये.) म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते आहे. मराठीत लिहिते आहे. तुमची आई वाचून दाखवेल. तुम्हाला कळेल, आणि उत्तर तुम्ही तुमच्या आयर्लंडमधल्या नावनच्या इंग्रजीत द्याल. तसंच द्या.

यापुढे मी काऊआजीशी बोलणार आहे. आम्ही दोघी किचनमध्ये भांडायचो आणि तुम्ही टेबलाखाली बसून ऐकायचात, तसे ऐका.

ऊटा,

मराठीत लिहायला बसले आणि पहिलीच अडचण आली ती तुला तू म्हणायचं की तुम्ही, याची. इंग्रजीत हा प्रश्न नसतो, त्यामुळे इतकी वर्षं तो पडला नाही. तू मात्र एकदा तो काढला होतास. जर्मनमध्येही असे दोन शब्द आहेत, म्हणालीस, आणि एकावरून दुसऱ्यावर यायचं तर वयाने मोठ्या माणसाने तसं रीतसर सुचवावं लागतं. ग्लासाला ग्लास लावतात. मग तू चहाचा मग पुढे केलास. "झुमन, मी मोठी आहे. आजपासून तू." सुमनचा स तुझ्या तोंडून कधी बाहेर पडलाच नाही. मी मगाला मग लावला. तेव्हा, तू.

तुझ्या नावाने तर आमच्या घरात पहिल्याच दिवशी गोंधळ घातला होता. आम्हाला नावनला येऊन फार दिवस झाले नव्हते. हे रात्रभर हॉस्पिटलात लोकांना भूल देऊन आले होते आणि सोफ्यावर झोपले होते. बेल वाजली, मी दार उघडलं, आणि भिंतीपलीकडच्या घरातली तू हात पुढे करून मोठ्याने म्हणालीस, "ऊटा!" हे ताडकन उठून बसले. "उठलो, उठलो. ऑपरेशन थिएटरमधून फोन आहे का?" मी तुला अर्थ सांगितला तेव्हा तू दारातच वाकून हसलीस. नंतर आयुष्यभर त्यांना बघितलंस की आधी स्वतःचं नाव सांगायचीस, आणि ते बसलेले असले तर उभे राहायचे.

तू खुर्च्या मागायला आली होतीस. चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये गुरुवारी फिल्म दाखवायची होती आणि हॉलच्या निम्म्या खुर्च्या मोडक्या होत्या. मी आमच्या चार दिल्या आणि खुर्च्या परत नीट याव्यात म्हणून स्वतःही आले. मग येतच राहिले.

मी खुर्च्या रांगेत लावायची. तू येऊन त्या गोल फिरवायचीस. "रांगेत बसलेली माणसं वाद घालत नाहीत," म्हणायचीस. तुला फिल्मनंतरचा वादच हवा असायचा. दाखवायचीस त्याही तशाच: संपावरचे कामगार, तारेचं कुंपण, मोर्चे, बंद पडलेली गिरणी. समोरच्या घरातली ब्रीडा दर वेळी कोट काढताना विचारायची, "आज कोण मरणार आहे, लव्ह? मला आधी सांग, म्हणजे मी त्याच्यावर जीव लावणार नाही." पहिल्या दिवशी अंधारात ती माझ्याकडे वाकून कुजबुजली, "युअर मॅन काय म्हणतोय?" मी म्हणाले, "ते घरी झोपलेत." पडद्यावरच्या माणसाला इथे असं म्हणतात हे मला पुढे कळलं. तोपर्यंत सगळ्या हॉलला आमच्या घरची बातमी कळली होती.

वर्षातून एकदा तू स्वतःची फिल्म लावायचीस. जर्मनीतलं एक लहान गाव. मुलांच्या शाळा दुपारी जेवणाच्या वेळेला सुटतात, पाळणाघर नाही, म्हणजे आई घरातच असली पाहिजे. शिवाय घरसंसार सांभाळून जमलं तरच बाईने नोकरी करावी, असं तेव्हा तिथल्या कायद्यातच लिहिलेलं. एके दिवशी गावातल्या बायका बाबागाड्या ढकलत नगरपालिकेत शिरतात आणि जिन्यावर बसून राहतात. नगराध्यक्ष बाहेर येतो, भाषण करतो. फिल्म बोलायची जर्मन. तू पडद्याशेजारी उभी राहून ती आम्हाला इंग्रजीत सांगायचीस. टीव्हीवाल्यांनी ती दाखवायला नकार दिला होता, हे तू अभिमानाने सांगायचीस आणि ब्रीडा दर वर्षी टाळ्या वाजवायची. लग्न झालं म्हणून ब्रीडाची पोस्टातली सरकारी नोकरी गेली होती. इथे तसा नियमच होता. "केक कापला आणि खुर्ची काढली," असं ती म्हणते.

ती फिल्म पहिल्यांदा बघितल्यावर मी तुला दोन गोष्टी सांगितल्या. मी पुण्यात कॉलेजात इंग्रजी शिकवलेलं. कुणाचंही काही हातात आलं की माझ्या डोक्यात लाल पेन उघडतं. एक, नगराध्यक्षाच्या भाषणात कॅमेरा फार हलतो. दोन, तो सगळ्यात महत्त्वाचं वाक्य बोलतो, की सरकारने कितीही पाळणाघरं बांधली तरी आईच्या मांडीसारखी जागा नाही, आणि नेमकं तेव्हाच एक मूल इतकं भोकाड पसरतं की त्याचं बोलणं ऐकूच येत नाही. तू स्वतः सुद्धा तिथे भाषांतर थांबवलंस. वाक्य मला त्या दिवशी पडद्यावरच्या बायकांच्या चेहऱ्यांवरून आणि नंतर तुला विचारून कळलं.

"ते रडणं कापायचं होतंस," मी म्हणाले.

"तेवढं सोडून बाकी सगळं कापता येईल," तू म्हणालीस, आणि प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला लागलीस.

मला वाटलं, हा टोमणा आहे. मूल नगराध्यक्षाला गप्प करतं, अशी काहीतरी राजकीय कोटी. मी ते मान्य केलं आणि कॅमेऱ्याच्या हलण्याचे मार्क कापले.

घरी येताना मी तुला विचारलं, की तू हातात कॅमेरा घेऊन इतरांच्या मुलांसाठी लढत होतीस तेव्हा तुझी मुलगी कुठे होती? मला काट्रिनबद्दल तेव्हा एवढंच माहीत होतं, की ती आहे. तू म्हणालीस, "माझ्या आईकडे. बहुतेक वेळ आईकडेच." मग म्हणालीस की जर्मनमध्ये अशा बाईसाठी एक शब्द आहे. राबेनमुटर. मुटर म्हणजे आई, राबे म्हणजे डोमकावळ्यासारखा मोठा काळा पक्षी.

मी म्हणाले, "वा! कावळी आई. किती छान!"

तू रस्त्यात थांबलीस. तुझा तो चेहरा मला अजून दिसतो. तुला वाटलं, मी थट्टा करते आहे. मी थट्टा करत नव्हते. मला खरंच तसं वाटलं होतं. मी तुला सांगितलं, आमच्याकडे कोकिळा अंडी घालते कावळीच्या घरट्यात आणि निघून जाते गायला. ती परकी पिल्लं भरवून भरवून मोठी करते ती कावळी. माणूस गेलं की आम्ही भात मांडून हात जोडून कावळ्याची वाट बघतो, कारण आमची गेलेली माणसं त्याच्या रूपाने जेवायला येतात. त्याने शिवलं नाही तर घरातले सगळे कासावीस होतात, की गेलेल्याचं काय मागे राहिलं? एवढा मान आम्ही मोरालासुद्धा देत नाही.

तू दिव्याच्या खांबाला धरून हसायला लागलीस. हसता हसता डोळे पुसलेस आणि म्हणालीस, "पुन्हा सांग. सगळं पुन्हा सांग, सावकाश." मी सांगितलं. त्या शब्दाचा खरा अर्थ, पिल्लांना घरट्यातून टाकून देणारी आई, तू मला पुष्कळ दिवस सांगितला नाहीस. सांगितलास तेव्हाही वर म्हणालीस, "पण मी आता तुमच्यातली कावळी आहे. मी पक्ष बदलला."

मग सई आली, तिच्यामागून नील. माझ्या लेकीला, अदितीला, डब्लिनच्या हॉस्पिटलला रोज गाडी चालवत जायचं असायचं. माझे गुडघे कुरकुरायला लागलेले, हे गेलेले. मंगळवार आणि शुक्रवार तू आपणहून मागून घेतलेस. तू, जिला खुर्च्यांची एक रांग ठेवता येत नव्हती, जिच्या घरात चहाचा चमचा शोधायला फिल्मचे डबे हलवावे लागायचे, ती तू शाळेच्या फाटकाशी सगळ्या आयांच्या आधी उभी असायचीस. पावसात, टोपी भुवयांपर्यंत ओढून. सईने तुला काऊआजी म्हणायला सुरुवात केली, नीलला तर तेच तुझं खरं नाव वाटायचं. त्याने वर्गात तुझं चित्र काढलं, काळे पंख आणि पायात रबरी वेलिंग्टन बूट. ते चित्र तू फ्रेम करून कमोडच्या समोर लावलंस, कारण म्हणे तिथेच माणूस शांतपणे चित्र बघतं.

काट्रिनचा फोन ख्रिसमसला यायचा. तू उभ्यानेच बोलायचीस. हवा, तब्येत, धन्यवाद. ठेवल्यावर थोडा वेळ फोनवरचा हात काढायची नाहीस. मी अशा वेळी तुझ्या सिंकमधली भांडी घासत राहायची. त्यावर आपण कधी बोललो नाही. बाकी सगळ्यावर बोललो, आणि भांडलो.

आपलं भांडण तर एकच होतं, फक्त कपडे बदलून यायचं. मी अदितीसाठी नोकरी सोडली, पुढे यांच्यासाठी देश सोडला. तू म्हणायचीस, "तू सोडलंस त्याला सगळे प्रेम म्हणाले. मी नाही सोडलं, मला पक्षी म्हणाले. दोघींना कुणी विचारलं का, तुम्हाला काय हवंय?" मी म्हणायची, मुलाला हे असलं काही कळत नाही, त्याला दारात आई हवी असते. तू म्हणायचीस, दारात बाप का नको? मी म्हणायची, बाप थिएटरमध्ये आहे. तू म्हणायचीस, झुमन, मी फिल्म करते ती याच वाक्यावर. मी चहा ओतायची.

अदिती मुलांना घेऊन ऑस्ट्रेलियात पर्थला निघाली तेव्हा ते भांडण सगळ्यात वाईट झालं. इथून कितीतरी तरुण डॉक्टर तिकडे जातात, ठरलेल्या तासांची नोकरी असते, मुलांना वेळ देता येतो. तिने मला सगळं नीट समजावलं होतं. मला समजलंही होतं. तरी विमानतळावरून आल्यावर मी तुझ्या किचनमध्ये बसून म्हणाले, गेली पोरगी, करिअर करायला गेली. आणि तू, ऊटा, माझ्या बाजूने एक शब्द बोलली नाहीस. "मुलांना बरोबर घेऊन गेली," म्हणालीस. "काम पण घेतलं, मुलं पण घेतली. माझ्या सगळ्या फिल्म याचसाठी होत्या. आणि तू रडतेस?"

मी म्हणाले, "तुला काय कळणार?" आणि उठून आले.

काही दिवस आपण बोललो नाही. पण सकाळी तुझ्या किचनचा पडदा वर जायचा आणि मी माझा वर करायची. अबोल्यातसुद्धा ते चुकलं नाही. दोन म्हाताऱ्या, दोन खिडक्या, मध्ये एक भिंत आणि भिंतीवर जॅकडॉ, इथले ते करड्या मानेचे लहान कावळे. कोण आधी दार वाजवणार, असं चाललं होतं. शेवटी तू वाजवलंस. हातात पाव होता, तुझा तो काळा, विटेसारखा. "हा कापायला तुझी सुरी लागेल," म्हणालीस. तुझ्याकडे तीन सुऱ्या होत्या.

आता सकाळी माझा पडदा मी वर करते. समोरचा खालीच असतो. हे एवढं एक काम उरल्यासारखं वाटतं आणि त्याला फारसा अर्थ नाही. तरी करते.

तुझ्या आजाराबद्दल लिहीत नाही. तुला ते आवडलं नसतं. आजारपणाला गोष्ट नसते, म्हणायचीस. फक्त इतकंच, की शेवटच्या दुपारी नर्सने मला चहा घेऊन या म्हणून पाठवलं आणि मी आले तेव्हा तू गेली होतीस. काट्रिन विमानात होती. मी तुझ्या हाताला धरून तुला हाक मारली. मराठीत तुझं नाव हाक राहत नाही, हुकूम होतो. पहिल्यांदाच कुणी उठलं नाही.

तुला स्मशानात न्यायच्या आदल्या दिवशी मी भिंतीवर भात ठेवला. तुझा धर्म कुठला नव्हता, माझाही अर्धामुर्धाच आहे. पण पक्ष बदलला होतास ना. जॅकडॉ धुराड्यावर बसून बघत राहिले. ब्रीडा येऊन बघून गेली. "भात नाही खात गं ते, लव्ह. बेकन ठेव. ऊटाला बेकन आवडायचं." तिचं म्हणणं बरोबर होतं, पण माझ्या हातून बेकन ठेवलं गेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी घर भरलं होतं. सँडविच, चहा, हॉलमधले सगळे जुने लोक, ज्याला त्याला तुझ्याशी झालेलं आपलं भांडण सांगायचं होतं. काट्रिन एका कोपऱ्यात उभी होती. तुझंच कपाळ, केस पांढरे. सगळ्यांना नम्रपणे धन्यवाद म्हणत होती. आणि मग नील बोलला, सई बोलली.

मी तिच्या मागोमाग अंगणात गेले. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. मला म्हणाली, "मुलांची काही चूक नाही. मला एक मिनिट द्या." मी मिनिट दिलं. मग ती बोलली. लहानपणी फोन वाजायचा, कुठल्यातरी गावाहून तुझा असायचा. आजी उचलायची, रिसीव्हरवर हात ठेवायची आणि तो शब्द म्हणायची, आणि मग फोन तिच्या हातात द्यायची. "मला वाटायचं, ते तिचं नाव आहे. मी एकदा फोनवर तिला त्या नावाने हाक मारली. नुसती लाइन चालू होती. आणि आता हे, मुलांच्या तोंडून. तिने तुम्हाला हा शब्द शिकवला तरी कसा?"

मी तिला दिव्याच्या खांबाजवळची गोष्ट सांगितली. कोकिळा, घरटं, भात. भिंतीवरचा भात तिथेच होता, वाळून गेलेला. ती त्याच्याकडे बघत ऐकत होती.

"मुलं या नावाने हाक मारायची, आणि ती ओ द्यायची?"

"रस्त्याच्या पलीकडून द्यायची," मी म्हणाले. "मंगळवारी आणि शुक्रवारी. कधी उशीर केला नाही."

हे बोलले आणि जीभ चावली. दुसऱ्यांच्या मुलांसाठी तू वेळेवर येत होतीस, हे तिलाच सांगावं? पण ती हसली, फार थोडं. म्हणाली, "हो. ते मला कळलं होतं. ख्रिसमसला ती तुमच्या मुलांबद्दलच सांगायची. मीच विषय बदलायची."

मग मी तिला तुझ्यासाठी विचारलं. कावळा शिवत नाही तेव्हा आम्ही गेलेल्या माणसाला काहीतरी कबूल करतो. मला वाटत होतं, तुझी इच्छा मला माहीत आहे. मी म्हणाले, "तिची ती फिल्म तू एकदा बघावीस. बाबागाड्यांची."

काट्रिन म्हणाली, "पुष्कळदा बघितली आहे. त्यात मी आहे."

मी म्हणाले, मी ती फिल्म दर वर्षी बघते, तू कुठे दिसत नाहीस.

"दिसत नाही. ऐकू येते. नगराध्यक्ष बोलतो तेव्हा."

ऊटा, मग तिने सांगितलं.

चित्रणाच्या दिवशी तिची आजी आजारी पडली होती. तुझ्याकडे दुसरं कुणी नव्हतं. तू काट्रिनला शालीने पाठीला बांधलंस आणि कॅमेरा खांद्यावर घेतलास. तिला त्यातलं फक्त लोकर टोचल्याचं आठवतं, आणि आईचा घाम. बाकीचं तिला तुझ्या फिल्मवाल्या जुन्या मित्राने सांगितलं, तू नाही सांगितलंस. ती रडायला लागली, पाय झाडायला लागली, आणि तू चित्रण थांबवलं नाहीस. कॅमेरा म्हणून हलतो. ज्या हलण्याचे मार्क मी कापले ते तिचे पाय होते.

तुला माझ्याशी चाललेलं इतक्या वर्षांचं भांडण एका वाक्यात जिंकता आलं असतं. मी विचारलं होतं, तुझी मुलगी कुठे होती. "पाठीवर," एवढंच म्हणायचं होतंस. तू म्हणालीस, बहुतेक वेळ आईकडे. ते खरं होतं, म्हणून ते म्हणालीस. एका दिवसाच्या जोरावर बाकीचे दिवस तू लपवले नाहीस, आणि मुलीला पुरावा म्हणून पुढे केलं नाहीस. मी मात्र तुला फिल्मची शिस्त शिकवत बसले. तू वायर गुंडाळत होतीस तेव्हा तुझा चेहरा मी बघितला असता, तर कदाचित विचारलं असतं. भांडणात तुझ्या बाजूने एक वाक्य राहिलं, ऊटा. आता ते मलाच तुझ्या वतीने बोलावं लागतं.

काट्रिनला मी म्हणाले, "म्हणजे तिने तुला सोडलं नव्हतं."

"एक दिवस," ती म्हणाली. "एक दिवस म्हणजे काही लहानपण नव्हे." मग म्हणाली, "पण तेवढा एक तिने कापला नाही. हे मी धरून असते. कधी पुरतं, कधी नाही पुरत."

मी तिला खोटं समाधान दिलं नाही. तूही दिलं नसतंस. आम्ही तिथेच उभ्या राहिलो. आत ब्रीडा कुणालातरी सांगत होती, की ऊटाच्या फिल्ममध्ये एकदा तरी सुखाने कुणी जेवलं असतं तर ती ऑस्कर घेऊन आली असती. काट्रिन ते ऐकून मोठ्याने हसली, अगदी तुझ्यासारखी, पुढे वाकून. आत जाताना तिने सँडविचमधला पाव कुस्करून भाताच्या शेजारी ठेवला. मला विचारलं, "मुलं अजून आहेत का फोनवर?" फोन बंद झाला होता. "मग त्यांना सांगा, चांगलं नाव आहे. माझ्या आजीने ठेवलं होतं त्यापेक्षा चांगलं."

दुसऱ्या दिवशी पडदा वर केला तर भिंत स्वच्छ होती, भातही नाही आणि पावही नाही. जॅकडॉनी खाल्लं की ब्रीडाच्या मांजरीने, मी बघितलं नाही. मांजरीने खाल्लं असेल तरी माझी हरकत नाही.

काट्रिन परत गेली. घर विकायला काढलं आहे. फिल्मचे डबे ती घेऊन गेली, त्या एका फिल्मची प्रत तिने मला ठेवली, मुलांसाठी. येत्या गुरुवारी मी ती हॉलमध्ये लावणार आहे. खुर्च्या गोल लावीन, मला ते आवडत नसलं तरी. भाषांतर करायला कुणी नाही. मला ऐकून ऐकून जवळजवळ सगळं पाठ आहे, तेव्हा पडद्याशेजारी मी उभी राहीन. नगराध्यक्षाच्या वाक्याशी आले की थांबेन.

तुझं घर राहणार नाही, भांडण अर्धवट राहिलं, समोरचा पडदा खाली आहे. फिल्म शिल्लक आहे. तिच्यात एक मूल रडतं, आणि कॅमेरा हलतो.